पेटीतली भवानी

ती घटना आजही आठवते आणि आठवली की मला राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले पुष्कळसे विसरलो. ही साधी फसवणुकीची केस मात्र विसरता येत नाही. त्या रागातला निम्मा वाटा एका लफंग्याचा आहे, उरलेला आमच्या ठाण्याचा, आणि ठाण्याच्या वाट्यातला मोठा तुकडा माझा स्वतःचा. नाव मी कोणाचेच घालणार नाही. जे हयात आहेत त्यांना त्रास नको आणि जे गेले त्यांच्या मुलाबाळांनाही नको.

मी तेव्हा मुळशी पेट्यातल्या, म्हणजे आजच्या मुळशी तालुक्यातल्या, एका ठाण्यावर फौजदार होतो. नोकरीला जेमतेम चार वर्षे झालेली. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. बाजारात आणेही चालत आणि नवे पैसेही, आणि एका आण्याचे सहा नवे पैसे की सव्वासहा यावरून झालेले एखादे तरी भांडण रोज आमच्या पायरीपर्यंत येई. ठाणे म्हणजे एक कौलारू घर. पुढे ओटा, ओट्यावर ठाणे अंमलदाराचे टेबल, आत माझी खोली आणि मागे मुद्देमालाची कोठडी. ओट्यावर उभे राहिले की मोटार स्टँड दिसे.

स्टँडवर एका तांबोळणीची पानाची गादी होती. बाई चाळिशीची, मुसलमान, पण बोलणे अस्सल मावळी. सगळे गाव तिला चाची म्हणे. नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याला कुशीवर वळवायला, भरवायला, तिला दिवसातून चार वेळा गादीवर फडके टाकून घरी जावे लागे. नेमकी तेव्हाच पुण्याची मोटार यायची आणि गिऱ्हाईक फडक्याकडे बघून निघून जायचे. बाईची अडचण एवढीच होती, पण रोजची होती.

ही अडचण एका माणसाने बरोबर हेरली. पांढरा शर्ट, खिशाला दोन फाउंटन पेने, हातात चामडी बॅग. स्वतःला तो कंपनीचा एजंट म्हणवी. त्याने स्टँडवर एक यंत्र आणून दाखवले. कमरेएवढी लोखंडी पेटी, वरच्या अंगाला काच, आत फुटाणे. फटीत एक आणा टाकायचा, दांडा ओढायचा, की खालच्या पन्हाळीतून मूठभर फुटाणे हातात. दुकानदार नको, तराजू नको. बघायला ही गर्दी झाली. एक म्हातारे गृहस्थ फुटाणे घेऊन बराच वेळ तिथेच उभे राहिले, कारण त्यांनी दोन आण्याचे नाणे टाकले होते आणि पेटी सुटे परत देईल अशी त्यांची समजूत होती.

“ताई, माणूस दमतो, हिला दम लागत नाही,” एजंट तिला म्हणाला. “तुम्ही घरी बसा. धंदा हिच्यावर सोडा.”

चाचीने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून ती पेटी विकत घेतली. मला कोणी विचारले तर मी सांगेन की तिचा हिशेब चुकला नव्हता. असल्या यंत्राचा धंदा खरोखर चालतो, पुढे शहरांतून तो मी पाहिला. मोटार स्टँडवर, जिथे लोक ताटकळत उभे असतात, तिथे तर तो हमखास चालावा. तिने धंदा बरोबर निवडला होता. माणूस चुकीचा निघाला.

तीन आठवड्यांत दांडा अडकला. एजंट आला, त्याने फटीतून तार घालून पाहिले आणि मान हलवली. कुणीतरी नवा पैसा टाकलाय, चुकीच्या नाण्याला कंपनी जबाबदार नाही, तरी तुमच्यासाठी म्हणून दुरुस्तीला नेतो, असे तो म्हणाला. एका छापील कागदावर त्याने तिचा अंगठा घेतला आणि पेटी मोटारीच्या टपावर चढवली. त्यानंतर पेटीही नाही आणि एजंटही नाही. दोन महिने वाट पाहून ती ठाण्यावर आली.

त्या दिवशी मी आत बसून तपासणीची तयारी करत होतो. वरचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते, टेबलावर सह्यांच्या कागदांचा ढीग. ओट्यावर आमचे हवालदार तिची तक्रार लिहून घेत होते. हवालदार पुणे शहरात वाढलेले, मोत्यासारखे अक्षर, मदतीला तत्पर. तिचे बोलणे मला आत ऐकू येत होते.

“पेटी गेली तर गेली, साहेब. माझी भवानी त्यात हाय. तेवढी तरी मिळवून द्या.”

“भवानी? पेटीत?” हवालदारांनी विचारले.

“व्हय. झाकणाला आतनं लावलेली हाय. म्या माझ्या हातानं लावलीया.”

बाहेर बसलेला एक शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला, “ही एक भवानी इथं आलीच आहे.” दोघे हसले. मीही आत बसून हसलो. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण हसलो हे खरे आहे.

हवालदारांनी लिहिले, शाईच्या पॅडवर तिचा अंगठा टेकवला, कागदावर उठवला. वाचून दाखवले नाही. कागद माझ्याकडे आला, मी इतर कागदांबरोबर त्यावरही सही ठोकली. अदखलपात्र. मग मी बाहेर येऊन तिला मोठ्या समजूतदारपणे सांगितले, “बाई, हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. यात पोलिसांचे काम नाही. दिवाणी कोर्टात जा.”

“कोर्ट कुटं असतंय?”

“पुण्याला.”

ती ओट्यावरून उतरून गेली. दखल घेण्याजोगा गुन्हा समोर दिसत असताना ‘दिवाणी’ म्हणून माणूस परत पाठवणे हा आमच्या खात्यातला जुना आळस आहे. मी तो चार वर्षांत चांगलाच आत्मसात केला होता.

आठ-दहा दिवसांनी माले गावचे पोलीस पाटील आपल्या नेहमीच्या कामासाठी ठाण्यावर आले. साठीचे गृहस्थ, भातशेती करणारे, एरवी शांत. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत.

“फौजदारसाहेब, एक विचारू का? तांबोळणीनं देवीचा टाक चोरला, असं तुमच्या कागदात हाय म्हंत्यात. खरं हाय का?”

देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर देवाची मूर्ती ठोकलेली, त्याला टाक म्हणतात. असले काही मी ऐकलेही नव्हते. “कोण म्हणतो?” मी विचारले.

“समदा स्टँड म्हंतोय. चार जण मिळून तिची गादी बंद कराय निघाल्यात. मुसलमानाच्या घरात देवीचा टाक आला कुटनं, असं इचारत्यात. पंचायतीनं तिला जागा सोडायची नोटीस काढलीया. पंधरा दिसांत गादी हलवायची. तुमी हितं बसून काय करताय?”

मी रजिस्टर मागवले. आमच्या हवालदारांच्या सुंदर अक्षरात लिहिले होते : ‘सदर पेटीत फिर्यादीची भवानी (देवीचा टाक) असून ती परत मिळावी.’ खाली तिचा अंगठा. त्याच्या खाली माझी सही.

मी ती ओळ पाटलांना वाचून दाखवली. 

“आवं, भवानी म्हंजे पहिली इक्री. दुकानदाराला सकाळी पहिलं नाणं मिळतं ती भवानी. कुटला टाक अन् कुटली देवी? आन् ती भवानी म्याच केलीया. पेटी आली त्या दिशी पहिला आणा म्या टाकला. चाची म्हणली, पाटील, तुमच्या हातानं भवानी करा. टाकला. तिनं त्यो काढून डोळ्याला लावला आन् पेटीच्या झाकणाला आतनं लाखंनं चिकटवला. नव्या धंद्याची भवानी मोडायची नसती, म्हणून.”

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, हा शब्द बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. मी नोकरदारांच्या घरातला. आमच्या घरात कोणी कधी काही विकले नव्हते. हवालदार शहरातले, तेही तसल्याच घरातले. पण अज्ञानाला मी माफी देईन. शब्द कळला नव्हता तर विचारायचे होते, बाई समोरच उभी होती. त्यांनी विचारले नाही. स्वतःच्या डोक्याने कंस उघडला, त्यात दोन शब्द घातले आणि कंस बंद केला. आणि ज्याने वाचायचे त्याने वाचले नाही.

हवालदारांना बोलावले. “साहेब, मला वाटलं वरच्यांना कळावं म्हणून जरा स्पष्ट करावं,” ते म्हणाले.

“आणि ही ओळ स्टँडवर कशी गेली?”

 मग सगळी हकीकत बाहेर आली. तक्रारीनंतर चारच दिवसांनी, तिची कुणकुण लागून, तो एजंट स्वतः ठाण्यावर येऊन गेला होता. हवालदारांना मस्का लावला. ‘माझ्याविरुद्ध गैरसमजातून काही लिहिले गेले असेल तर खुलासा करतो’ म्हणाला, आणि आमच्या या सज्जनांनी त्याच्यापुढे रजिस्टर उघडून ठेवले. त्याने ते दोन शब्द वाचले, खाली उतरला आणि स्टँडवरच्या हॉटेलात बसून चार लोकांत सोडून दिले. पोलिसांच्याच कागदात आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार? शेजारच्या एका गावात दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला टाक हरवला होता. लोकांनी तो आपणहून जोडून दिला. एका बाईचे तोंड बंद करायला त्याला दमडीचाही खर्च आला नाही. शस्त्र आम्हीच पुरवले होते.

मी स्टँडवर गेलो. गादीवर चाची बसली होती. समोर पाने ओल्या फडक्यात, सुपारी, कात, चुन्याचे डबे, सगळे जागच्या जागी, आणि गिऱ्हाईक एकही नाही. मोटारीतून उतरलेले लोक तिच्यासमोरून जात होते. मी म्हणालो, “बाई, माझी चूक झाली. तुमचा जबाब पुन्हा घ्यायचा आहे.”

“मागल्या येळंला बी तुमीच घेतला हुता,” ती म्हणाली. एवढेच बोलली. मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

रजिस्टरमधले खोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी तिचा पुरवणी जबाब घेतला, दखलपात्र गुन्हा नोंदवला, फसवणूक आणि विश्वासघात. पंचायतीच्या सरपंचांना भेटलो. ते म्हणाले, “साहेब, तुमचा जुना कागद खोटा की नवा, ते आधी ठरवा. लोकांना मी काय सांगू?” माणूस वाकडा होता, पण प्रश्न सरळ होता. नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते. तेवढ्यात ती खरे बोलते हे सिद्ध झाले नाही तर तिची गादी उठणार होती, आणि गादी उठली की त्या घरात चूल कशावर पेटणार हे मला दिसत होते.

एजंटने दिलेला पुण्याचा पत्ता खोटा निघाला. त्या घरात एक शिंपी राहत होता आणि त्याने कंपनीचे नावही ऐकले नव्हते. मग खबर मिळाली ती एस.टी.च्या एका कंडक्टरकडून. चाचीबद्दलच्या अफवेने तोही चिडला होता, कारण तिच्या हातचे पान खाल्ल्याशिवाय त्याची गाडी सुटत नसे.

“साहेब, ती पेटी म्या तीनदा टपावर चढवलीया,” तो म्हणाला. “पहिल्यांदा लाल हुती, मग पिवळी, आता हिरवी. रंग बदलला तरी पाय बदलत न्हाई. पुढचा डावा पाय वाकडा हाय तिचा, टपावर लोळती, दोरीनं बांधावी लागती. आता माझी ड्युटी दुसऱ्या गाडीवर हाय. ईस-बावीस दिसांमागं मारुंजीच्या फाट्यावर उतरवली.”

मी साध्या कपड्यांत एका शिपायाला घेऊन मारुंजीला गेलो. तेव्हाची मारुंजी म्हणजे शेते, गोठे आणि पन्नासएक घरे. पेटी घेणारा माणूस शोधायला वेळ लागला नाही. फौजेतून निवृत्त झालेला, मिशा राखलेला, कडक माणूस. त्याने साफ नकार दिला.

“आपण कुटली पेटी-बिटी घेतली न्हाई.”

कोपऱ्यात कमरेएवढे काहीतरी घोंगडीखाली झाकलेले होते. मी तिकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले.

“लढाईवरनं आलेला माणूस फुटाण्याच्या पेटीला फसला,” तो हळू आवाजात म्हणाला. “गावात कळलं तर पोरंसोरं हसतील, साहेब. राहू द्या.”

फसवणुकीच्या प्रत्येक केसमध्ये मला हे आढळले. चोरी झालेला माणूस ओरडतो; फसलेला माणूस झाकतो. लफंगा याच लाजेवर जगतो. आमचा एजंट तर विकतानाच सांगत असे की गावात बोलू नका, दुसरा कोणी जागा पटकावेल. मी त्या फौजी गृहस्थाला चाचीची हकीकत सांगितली, गादीची आणि नोटिशीची. तो ऐकत गेला तसा ताठ होत गेला.

“म्हंजे म्या गप ऱ्हायलो तर ती बाई चोर ठरती?”

“होय.”

त्याने घोंगडी ओढून बाजूला टाकली. पेटी हिरवी होती, दांडा अडकलेला होता, आणि पुढचा डावा पाय वाकडा होता. एजंट येत्या गुरुवारी ती दुरुस्तीला न्यायला येणार होता. मला मोह झाला की झाकण तिथेच उघडून पाहावे. हात आवरला. त्या क्षणी तिथे पंच कोणी नव्हते, आणि पंचांशिवाय पाहिलेला पुरावा कोर्टात कसा फाडला जातो ते मी पाहिले होते. पेटीला कोणी हात लावू नये असे सांगून निघालो.

गुरुवारी सकाळी आम्ही फौजीच्या मागच्या खोलीत बसलो होतो. एजंट आला, पांढरा शर्ट, दोन पेने. तार घालून पाहिले, मान हलवली. “कुणीतरी नवा पैसा टाकलाय,” तो म्हणाला, आणि बॅगेतून छापील कागद काढला. तो कागद मी त्याच्या हातातूनच घेतला. त्यात दुरुस्तीचा एक शब्द नव्हता. लिहिले होते की मी पेटी स्वखुशीने परत करत असून माझा कंपनीवर कोणताही हक्क राहिलेला नाही. बॅगेत तसले पंधरा-वीस कागद होते, सहा भरलेले, आणि त्या सहांत एकावर चाचीचा अंगठा. कोणालाही त्याने कागद वाचून दाखवला नव्हता. मला सणकून राग आला, आणि लगेच आठवले की मीही तिला तिचा जबाब वाचून दाखवला नव्हता.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला, पेटीच्या झाकणावर मोहोर लावली आणि मालासह माणूस ठाण्यावर आणला.

चौकशीत मी त्याला बोटही लावले नाही. काही सहकारी मला यावरून हसत. पण मारलेला माणूस सुटका होईल तेवढेच बोलतो, आणि खुर्चीवर बसवलेला शहाणा माणूस स्वतःच्या शहाणपणाच्या प्रेमात पडून पुष्कळ बोलतो. हा तर बोलायला उतावीळच होता. चाची पेटीत नाणे असल्याचे म्हणते, एवढेच मी त्याला सांगितले होते; ते कुठे आहे ते नाही.

“साहेब, तुम्ही शिकलेले आहात,” तो म्हणाला. “हा दिवाणी व्यवहार आहे. बाईंनी पेटी परत केली, अंगठा आहे. ती पेटी कारखान्यात मोडीत गेली. मारुंजीची पेटी नवी कोरी.”

“नक्की?”

“अगदी नक्की. आणि साहेब, त्या बाईच्या शब्दावर तुम्ही जाता? तिने आधी म्हटले पेटीत देवीचा टाक होता. आता म्हणते नाणे होते. उद्या म्हणेल घोडा होता.”

तो हसला. माझ्या टेबलासमोर, माझ्याच ठाण्याच्या चुकीवर टेकून, तो हसला. मुठी आवळून मी टेबलाखाली ठेवल्या. मग त्याच्यापुढे कागद सरकवला आणि म्हणालो, “हे सगळे तुमच्या हाताने लिहून द्या. चाचीची पेटी मोडीत गेली, मारुंजीची नवी कोरी, कारखान्यातून थेट आणली, मध्ये कोणाकडे नव्हती.” त्याने ऐटीत लिहिले, त्याच दोन पेनांतल्या एकाने, आणि खाली लफ्फेदार सही केली.

मग मी पंचांना आत बोलावले. चाचीला, माल्याच्या पाटलांना आणि सरपंचांनाही निरोप होताच. सगळ्यांसमोर मोहोर तोडली आणि झाकण उघडून उलटे केले. बाहेरून हिरवा रंग, कडेला खरवडल्यावर खाली पिवळा, त्याखाली लाल. आत मात्र कोणी ब्रश फिरवला नव्हता. काचेच्या चौकटीमागे, कोपऱ्यात, लाखेचा तांबडा गोळा होता आणि त्यात नागमोडी कडांचा एक आणा रुतलेला होता.

लाख गरम असताना चाचीने ती अंगठ्याने दाबली होती. चुन्यात सदा बुडालेला हात, त्याला चटक्याचे काय. अंगठ्याच्या रेषा चुन्याने झिजून पुसट झाल्या होत्या, पण अडकित्त्याने झालेली जुनी जखम आडवी गेलेली होती आणि तिचा वण लाखेत स्वच्छ उमटला होता. मी म्हणालो, “चाची, अंगठा दाखवा.” तिने तो लाखेशेजारी धरला. सरपंच वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

“भवानी हाय का न्हाई ही?” पाटलांनी एजंटला विचारले. “आन् ह्यो माझा आणा हाय.”

 एजंटने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद टेबलावर पडला होता. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितले आणि मग सगळे सांगितले. पेट्या एकूण चारच होत्या. आतला एक खिळा सैल ठेवला की तीन आठवड्यांत दांडा अडके. नव्या पैशाचा त्यात काही संबंध नव्हता. बावधनच्या एका माणसाकडची पेटी न्यायला त्याला सवड मिळाली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा त्या शेतकऱ्याने तिच्यात कांद्याचे बी साठवून ठेवले होते.

पुण्याच्या ठसेतज्ज्ञांनी लाखेचे फोटो काढले आणि वण जुळल्याचा अहवाल दिला. दोषारोपपत्र गेले, खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलाच्या हातात एकच पान होते, आमच्या रजिस्टरची नक्कल. त्याने चाचीला पिंजऱ्यात उभी करून विचारले, “पहिल्या जबाबात तुम्ही देवीचा टाक म्हटले आहे. खाली अंगठा तुमचाच ना?”

“अंगटा माझा. शब्द माझं न्हाईत,” ती म्हणाली. “मला वाचता येत असतं तर म्या हितं उभी कशाला ऱ्हायले असते?”

नंतर माझी साक्ष झाली. मी सांगितले की कंसातले शब्द फिर्यादीचे नाहीत, ते ठाण्याने घातले, आणि मी सही केली.

“वाचल्यावर की न वाचता?” न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारले.

“न वाचता.”

त्यांनी ते लिहून घेतले. मला वरून लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिली, आणि मी तिच्याविरुद्ध कधी अर्ज केला नाही. आरोपीला सक्तमजुरी झाली. त्याच्या शिक्षेच्या दिवशी मला समाधान वाटायला हवे होते. पण पेटी उघडल्यावर पंचायतीने नोटीस मागे घेतली तेव्हाही कोणी चाचीजवळ जाऊन चार शब्द बोलले नाही. ज्या चौघांनी तिची गादी बंद करायचा चंग बांधला होता, त्यांतले दोघे महिन्याभरात तिच्याकडूनच पान घेऊ लागले, जसे काही घडलेच नव्हते. काही गिऱ्हाइके तर कायमची तुटली. पुढे माझी बदली झाली, दहा-बारा वर्षांनी त्याच भागातला एक माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, “ती टाकवाली तांबोळीण हो.” मी त्याच्यावर एवढा ओरडलो की हॉटेलमालक बाहेर आला. निकालपत्र कपाटात पडले होते आणि ते दोन शब्द तालुकाभर फिरत होते.

निकालानंतर मुद्देमाल परत करायचा हुकूम आला. पेटी चाचीची. दांडा मी गावातल्या लोहाराकडून दुरुस्त करून घेतला होता. ती ठाण्यावर आली, पेटीभोवती एकदा फिरली, झाकण उघडून आत बघितले. हवालदारांनी पोच लिहिली, शाईचे पॅड उघडले आणि सवयीने तिच्या हाताकडे हात नेला. तिने हात पदराखाली घेतला.

“आदी वाचा,” ती म्हणाली.

हवालदार माझ्याकडे बघू लागले. मी उठून ओट्यावर आलो, कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. ओट्यावर दहाबारा लोक होते.

“परत वाचा. सावकाश.”

मी परत वाचला, प्रत्येक शब्द सुटा करून. कुठे अडले की ती विचारी, मुद्देमाल म्हंजे काय, पोच म्हंजे काय, आणि मी सांगे. मग तिने अंगठा पुढे केला.

त्यानंतर सव्वीस वर्षे नोकरी केली. एकही जबाब मी वाचून दाखवल्याशिवाय सहीला घेतला नाही, आणि वाचून झाल्यावर विचारत असे, “यातला कोणता शब्द तुमचा नाही?” हाताखालचे लोक कंटाळत, घड्याळाकडे बघत. फिर्याद वाचून दाखवावी असे कायद्यातच लिहिलेले आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केले होते आणि त्यात मला चांगले गुण मिळाले होते. त्या कलमाचा अर्थ मी पानाच्या एका गादीवर शिकलो, आणि त्या शिकवणीची किंमत चाचीने भरली.